आपल्या शिवाराचा हिरवा: फोटो कुठं कापायचा, रंग किती ओढायचा

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून तुम्ही पाठवलेला फोटो आणि त्यासोबतचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सप्टेंबरअखेरच्या उघडिपीतली सकाळ, साडेसातचा सुमार. राजहंसगडाच्या तटावरून नैऋत्येला तोंड करून तुम्ही खालचं शिवार टिपलंय. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, रॉ (सेन्सरनं टिपलेली कच्ची) आणि जेपेग (कॅमेऱ्यानं तयार करून दिलेली) दोन्ही फाइली हाताशी आहेत. फोटोत खाली तटाचा दगड आणि लोखंडी कठडा, मध्ये भाताची खाचरं, त्यांतून डावीकडं जाणारी मुरमाची तांबडी पाणंद, पाणंदीवर गवताचा भारा डोक्यावर घेऊन निघालेली एक बाई, मागं निळ्या डोंगररांगा आणि वर बरंचसं पांढरट, कोरं आभाळ. उजव्या कडेला विजेचा उंच टॉवर. तुमचं म्हणणं असं: डोळ्यांनी दिसलं ते फोटोत आलं नाही, सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलं तर कॅलेंडरासारखं होतं, नाही वाढवलं तर मरगळलेलं दिसतं. नवीन घराच्या सोप्यात (दर्शनी खोलीत) हा फोटो तीन फूट रुंद लावायचाय, तेव्हा कुठं कापायचा, रंग कसे करायचे, आणि छापून काळपट येऊ नये म्हणून काय करायचं?

उत्तर लांबेल. पण मुद्दा एकच आहे आणि तो मला एका म्हातारीनं शिकवला, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वडगावच्या शिवारात काढलेला भाताचा एक फोटो मी मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला होता. हिरवा भरपूर ओढलेला, चमकदार, येणारे-जाणारे थांबून बघायचे. नातवाचा पासपोर्ट फोटो काढायला आलेली एक शेतकरी आजी त्याच्यासमोर उभी राहिली. चष्मा वर सारून जवळ गेली आणि म्हणाली, "युरिया लई पडलाय की ह्यात. हे भात आडवं होतंय बघा." ती फोटोबद्दल बोलतच नव्हती, पिकाबद्दल बोलत होती. नत्र जास्त झालं की भाताचं पान काळपट गर्द हिरवं होतं, ताट उंच आणि नाजूक वाढतं आणि वाऱ्यापावसात लोळतं, हे तिनं रंगावरून वाचलं. भात संशोधकांनी याच नजरेची एक पट्टीही केली आहे. पिवळसर हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंतच्या चार ते सहा छटा त्या प्लास्टिकच्या पट्टीवर असतात, आणि पान तिच्याशी ताडून खत द्यायचं की थांबायचं ते ठरवतात. म्हणजे तुमच्या घरच्यांसाठी हिरवा ही शोभा नाही, ती माहिती आहे. पोटरीला आलेलं भात (कणीस अजून आत), नुकतं निसवलेलं भात (कणीस बाहेर पडलेलं), पिवळं पडू लागलेलं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात, बांधावरचं गवत, आंब्याचं झाड, कडेचा ऊस, या प्रत्येकाचा हिरवा निराळा. सॅच्युरेशनचा दांडा ओढला की हे सगळे एकाच हिरव्यात बुडतात. तुम्ही ज्याला कॅलेंडर म्हणताय ते हेच.

म्हणून या फोटोत रंग वाढवायचे नाहीत, रंग एकमेकांपासून सुटे करायचे. आणि ते करायच्या आधी फोटो कापायचा.

आधी का? कारण रंगाचे निर्णय चौकटीत काय उरलंय त्यावर ठरतात. आता तुमच्या फोटोचा बराच भाग पांढरं आभाळ आहे. ते सांभाळायला तुम्ही एक्स्पोजर खाली ओढता, मग भात काळवंडतं, मग सावल्या उचलता, मग सगळं राखाडी होतं, मग सॅच्युरेशन वाढवता. ज्या आभाळासाठी ही सगळी धावपळ, ते शेवटी कापूनच टाकायचंय.

कापण्याआधी सरळ करून घ्या. तुमचा फोटो उजवीकडं दीडेक अंश कललाय. इथं समुद्र नाही, त्यामुळं क्षितिजाची सपाट रेघ मिळत नाही, आणि डोंगराची धार सरळ करायला गेलात तर फसाल, कारण ती मुळातच उतरती असते. चौकटीच्या मध्याजवळची एखादी उभी वस्तू शोधा. तुमच्या फोटोत खाचरांच्या मधोमध एक सिमेंटचा खांब आहे, तो धरा. कडेचा टॉवर धरू नका. गडावरून खाली कॅमेरा झुकवला की कडेच्या उभ्या रेषा आपसूक तिरक्या होतात. तलावाकाठचे फोटो करताना, राकसकोपला म्हणा किंवा हिडकलला, पाण्याचा काठ सरळ करू नका, तोही लांब जाताना तिरका दिसतो. झाड आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब एका उभ्या रेषेत आणा, फोटो बरोबर बसतो.

हे फिरवणं फुकट नसतं. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो दीड अंश फिरवून त्याच प्रमाणात कापला तर साधारण ५७७५ × ३८५० उरतात. सातेक टक्के पिक्सेल गेले. पुढच्या वेळी व्ह्यूफाइंडरमध्ये जाळी चालू ठेवा.

आता खरं कापणं. डार्करूमच्या दिवसांत आम्ही लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दोन काटकोनी तुकडे ठेवत असू. छोट्या प्रिंटवर ते समोरासमोर सरकवायचे आणि चौकट लहान-मोठी करून बघत बसायचं. मी अजून तेच करतो, आणि तुम्हीही एक चार बाय सहाची साधी प्रिंट काढून करून बघा. स्क्रीनवर क्रॉपचं हत्यार उघडलं की हात लगेच ठरलेल्या तृतीयांशाच्या रेषांवर जातो. कागदाच्या काटकोनांवर रेषा नसतात, त्यामुळं डोळा काय शोधतोय ते कळतं.

तुमच्या फोटोवर मी काटकोन फिरवले तेव्हा डोळा तीन ठिकाणी जात होता: कठडा, टॉवर आणि भाऱ्यावाली बाई. पहिल्या दोघांची फोटोला गरज नाही, तिसरीशिवाय फोटो नाही. ती चौकटीत जेमतेम साठ पिक्सेल उंच आहे, पण तिच्यामुळं खाचरं किती मोठी, पाणंद किती लांब ते समजतं. फोटो तिचा आणि त्या पाणंदीचा आहे, असं धरून कापा.

खालचा तट पूर्ण काढा. तुम्हाला तो ठेवावासा वाटणार, कारण गडावर चढून गेल्याची खूण तीच. पण त्यातला अर्धा ठेवलात तर खालच्या कडेला दगडाचे तुकडे अडखळतात. तट दाखवायचाच असेल तर तो ठसठशीत दाखवणारा फोटो वेगळा काढावा लागेल, कॅमेरा खाली घेऊन, दगडाच्या अंगावर ऊन असताना. या फोटोत खालून सुमारे ७०० पिक्सेल गेले तर नुकसान काहीच नाही.

वरून आभाळ कापा, पण सगळं नको. डोंगराच्या सर्वांत उंच माथ्यावर बोटभर आभाळ राहू द्या. माथा चौकटीला टेकला की डोंगर छताला डोकं लागल्यासारखा दिसतो. साधारण ५५० पिक्सेल वरून जातील.

उजवीकडं टॉवरच्या अलीकडं कापा. हे करताना पाणंद कुठून आत शिरते ते बघा. ती नेमक्या कोपऱ्यातून शिरली तर डोळा कोपऱ्यातूनच बाहेर घरंगळतो. खालच्या कडेवरून, कोपऱ्यापासून थोडं डावीकडं आत येऊ द्या. बाई डावीकडं चाललीय, म्हणून डाव्या बाजूचं काही कापू नका. तिला चालायला पुढं जागा हवी.

हाती उरलं ५२०० × २६००, म्हणजे दोनास एक. या प्रमाणात आपला मुलूख छान बसतो. इकडं डोंगर उंच कमी आणि लांब जास्त आहेत, शिवार पसरट आहे. गोकाकच्या धबधब्याला मी हे प्रमाण कधीच देणार नाही. तिथं पाणी ५२ मीटर खाली पडतं, ते पडणं दाखवायला उभी किंवा चारास पाच चौकट लागते.

"पिक्सेल पुरतील का?" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण छापणारा विचारेल. ५२०० पिक्सेल ३६ इंचांत पसरले तर इंचाला १४४ येतात. ३०० पाहिजेतच असं सांगणारे भेटतील. ३०० हे हातात धरून बघायच्या फोटोसाठी. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागापर्यंत तपशील वेगळा करू शकतो, आणि त्या हिशेबानं दोन फुटांवरून बघताना इंचाला १४३ पिक्सेल पुरतात. सोप्यातल्या भिंतीवरचा फोटो कुणी दोन फुटांच्या आत नाक लावून बघत नाही. तीन फूट रुंद, दीड फूट उंच, निःशंक छापा.

टॉवर पुसून का टाकायचा नाही, असंही कुणी विचारेल, आता फोनमध्येही एका बोटानं पुसता येतो. माझा नियम सांगतो, तुम्ही तुमचा ठरवा. वाऱ्यानं उडून गेलं असतं ते मी पुसतो: वेफर्सचं पाकीट, लेन्सवरचा धुळीचा डाग. जे उद्याही तिथंच असणार ते पुसत नाही, चौकटीबाहेर ठेवता आलं तर ठेवतो. दुसऱ्या फोटोतलं आभाळ आणून चिकटवणं तर मुळीच नाही. तुमच्या फोटोत ऊन डाव्या खांद्यामागून येतंय. चिकटवलेल्या आभाळात सूर्य समोर असला की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला जाणवतं.

आता रंग. जेपेग बाजूला ठेवा आणि रॉ उघडा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. तुम्ही जेपेगवर सॅच्युरेशन ओढलंत तेव्हा पाणंद एक सपाट विटकरी पट्टी झाली, चाकोऱ्या दिसेनाशा झाल्या. कारण लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन धडकला आणि त्यातला तपशील संपला. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे किती उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात, तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे दिसतात. तांबडी माती, गुलाल, झेंडू असलं काही असेल तर तिन्ही मिळून दिसणाऱ्या पांढऱ्या आलेखावर विसंबू नका, लालवर लक्ष ठेवा. सॉफ्टवेअर लाइटरूम असेल तर उत्तम, नसेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत. नावं थोडी बदलतील, काम तेच.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा तोल, पहिला. चौकटीत एकाच रंगाचं राज्य असलं की ऑटो फसतं. एवढं हिरवं बघून ते हिरव्याविरुद्ध किरमिजी घालतं, आणि सकाळचं पिवळं ऊन बघून निळं घालतं. तुमचा फोटो मरगळलेला दिसतोय त्याचं निम्मं कारण हे. ऑटो काढा आणि ५५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवून बघा. तो दुपारच्या उन्हाचा आकडा आहे. सकाळी साडेसातचं ऊन त्याहून पिवळं असतं, त्यामुळं ५५०० वर ते जसं पिवळसर होतं तसं पिवळसर दिसेल, आणि तेच हवंय. बाईच्या डोक्यावरचं पांढरं फडकं टिचकी मारून शुद्ध पांढरं करू नका. सकाळच्या उन्हात ते पांढरं नव्हतंच. बांधाच्या सावल्या किंचित निळ्या दिसतील, त्याही राहू द्या. सावलीत उजेड आभाळाचा असतो, आणि पिवळं ऊन व निळी सावली शेजारी आली की सकाळ वाटते.

त्यानंतर उजेड-अंधार, आणि ते रंगाच्या आधीच. कॉन्ट्रास्ट वाढवला की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये रंगही आपोआप भडक होतो. आधी रंग करून मग कॉन्ट्रास्ट लावला तर दोनदा रंगवल्यासारखं होतं. एक सवय लावून घ्या: सॅच्युरेशनचा दांडा तात्पुरता शेवटापर्यंत खाली आणा. कृष्णधवल फोटो समोर येईल. त्यात पाणंद दिसते का? बाई दिसते का? भात आणि झाडं यांत फरक दिसतो का? तुमच्या फोटोत पाणंद आणि भात जवळजवळ एकाच करड्यात आले होते. लाल-हिरवं म्हणून ती रंगात वेगळी वाटत होती, उजेडात नव्हती. अशा वेळी रंग कितीही ओढा, फोटो सपाटच राहतो. हायलाइट्स (उजळ भाग) थोडे खाली, ब्लॅक्स (सर्वांत काळे भाग) थोडे खाली, मधला उजेड किंचित वर. शॅडोज (सावल्या) फार उचलू नका. झाडाखाली अंधार असतो, तो असू द्या. आजकालचे फोन झाडाखालचा अंधारही उजळून दाखवतात आणि मग झाडाला वजन उरत नाही.

आता हिरव्याकडं येऊ, माझ्या दृष्टीनं सगळं काम इथं आहे.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट मिळवलेली ही मांडणी बहुतेक कॅमेऱ्यांत अजून चालते. हिरव्याला दुप्पट जागा देण्याचं कारण म्हणजे माणसाचा डोळा उजेडातले बारीक फरक हिरव्याच्या आसपासच सर्वांत नीट पकडतो. म्हणूनच खोटा हिरवा सर्वांत आधी खटकतो.

कलर मिक्सर (एकेका रंगाचे वेगळे दांडे) उघडलात की पहिली चूक होते ती 'ग्रीन' हलवण्याची. भाताचा, गवताचा रंग आपण हिरवा म्हणतो, पण सॉफ्टवेअरच्या हिशेबात त्यातला बराच मोठा भाग 'यलो'मध्ये पडतो. यलोचं सॅच्युरेशन शेवटापर्यंत खाली नेऊन बघा, निम्मं शिवार राखाडी होईल. मग परत शून्यावर आणा. कुठला दांडा कुठल्या पिकाला लागतो हे असं एकदा बघून घेतलं की पुढं चाचपडावं लागत नाही.

तुमच्या फोटोत निसवलेलं आणि पिवळं पडू लागलेलं भात यलोमध्ये आहे. उभं हिरवं भात यलो आणि ग्रीनच्या मध्ये, आणि झाडं व कडेचा ऊस ग्रीनमध्ये. म्हणून मी असं केलं: यलोचा ह्यू (रंगाची छटा) जागचा हलवला नाही, सॅच्युरेशन दहा-बारानं कमी, ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजेड) आठ-दहानं वर. ग्रीनचा ह्यू पंधराएक निळ्याच्या बाजूला, सॅच्युरेशन वीसनं कमी, ल्युमिनन्स पंधरानं खाली. दोन्हीकडं सॅच्युरेशन कमी केलंय हे लक्षात घ्या. तरी फोटो पहिल्यापेक्षा जास्त रंगीत दिसतो, कारण भात उजळलं, झाडं गडद आणि थंड झाली, आणि मधलं उभं भात दोघांच्या मध्ये आपोआप तिसऱ्या हिरव्यात बसलं. खाचराखाचरातला फरक दिसायला लागला, कुणाचं आधी निसवलं, कुणाचं मागं राहिलं ते कळायला लागलं. हे आकडे तसेच्या तसे उचलू नका, तुमच्या कॅमेऱ्याचा प्रोफाइल वेगळा असेल. दिशा बघा: उन्हातलं पीक आहे तसं पिवळं ठेवून वर, झाडं निळ्याकडं आणि खाली.

सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा असं सांगतात. ते बरोबर आहे, व्हायब्रन्स फिक्या रंगांवर जास्त आणि भडक रंगांवर कमी चालतो. शेवटी पाच-सात घातला तर चालेल. पण सगळे हिरवे एकदम वर नेण्याची त्याचीही खोड आहेच.

मुरमाची पाणंद 'ऑरेंज'मध्ये येते. तिचं सॅच्युरेशन वाढवू नका, ल्युमिनन्स थोडा खाली घ्या. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, असं तुम्ही लिहिलंय. ओला मुरूम गडद असतो, भडक नसतो. ल्युमिनन्स दहानं खाली आणल्याबरोबर ओल परत आली आणि चाकोऱ्यांत साठलेलं पाणी चमकायला लागलं. एक जपा, माणसाची कातडीही ऑरेंजमध्येच येते. तुमची बाई लांब आहे म्हणून अडचण नाही, पण जवळचा चेहरा असता तर पाणंदीला वेगळा मास्क (बदल तेवढ्याच भागाला लागावा म्हणून आखलेली जागा) करावा लागला असता.

पाण्याच्या रंगाबद्दल इथंच सांगून टाकतो, कारण गोकाकचे फोटो पुष्कळ येतात. जुलै-ऑगस्टात घटप्रभा गाळ घेऊन येते, धबधबा तांबूस-तपकिरी असतो. तो पांढराशुभ्र करून छापतात. तिथं उभं राहून ज्यानं तो तांबडा लोंढा बघितलाय त्याला ते दुसऱ्याच कुठल्या नदीचं पाणी वाटतं.

आता मागचे डोंगर. तुम्ही डीहेझ (धूसरपणा काढणारा दांडा) तीसपर्यंत ओढलंय आणि तिथं मला खरोखर वाईट वाटलं. पहिली रांग हिरवट, तिच्यामागची निळसर, तिच्यामागची फिकी राखी-निळी, आणि शेवटची आभाळात विरघळलेली: या फोटोतलं सर्वांत हळुवार काम हवेनं केलेलं आहे. हवेचे रेणू निळा उजेड जास्त विखुरतात, डोंगर जितका लांब तितकी मधली हवा जास्त आणि तितका तो निळा आणि फिका. डोळा अंतर मोजतो ते यावरून. डीहेझनं ती हवा काढून घेतली आणि चारही रांगा एकाच पडद्यावर चिकटवल्यासारख्या झाल्या. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, चोर्ल्याच्या घाटात धुक्याचे फोटो काढणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं: धुकं बघायला गेलात, मग घरी येऊन तेच पुसता का?

डोंगरांना डीहेझ शून्य ठेवा. खालच्या शिवाराला हवं असेल तर ग्रेडियंट मास्क (हळूहळू विरत जाणारा) लावून पाचेक द्या, मास्कची कड पहिल्या रांगेच्या पायथ्याशी विरू द्या. 'ब्ल्यू'चा ल्युमिनन्स चार-पाचनं खाली आणा, म्हणजे रांगांमधल्या धारा सुट्या होतील. त्यापेक्षा जास्त नेलंत तर डोंगर आणि आभाळ मिळतात तिथं दाणे आणि पांढरी किनार येते. क्लॅरिटी (मधल्या छटांचा उठाव) आणि शार्पनिंगसुद्धा फक्त खाचरांपुरतं. लांबचा डोंगर मऊच दिसला पाहिजे.

उरलेलं बोटभर आभाळ पांढरट आहे, ते निळं करू नका. वरच्या कडेला ग्रेडियंटनं एक-तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) खाली आणा, एवढंच. भिंतीवरच्या फोटोत वरची कड कागदासारखी कोरी पांढरी राहिली तर फ्रेममध्ये फोटो कुठं संपतो ते कळत नाही.

एवढं झालं की थांबा आणि रात्र जाऊ द्या. अर्धा तास हिरव्याकडं बघत बसलं की डोळा तो हिरवा खरा धरून चालतो. सकाळी उठून पहिल्यांदा फोटो छोटा, टिकलीएवढा करून बघा. पाणंद आणि डोंगर एवढ्यातही ओळखू आले पाहिजेत. मग आरशासारखा उलटा करून बघा, कुठला कोपरा जड झालाय ते लगेच दिसतं. शेवटी घरातल्या म्हातारीला दाखवा आणि "कसा दिसतोय?" असं विचारू नका. "भात कुठल्या अवस्थेत आहे?" असं विचारा.

छपाई काळपट येण्याचं कारण बहुतेक वेळा लॅब नसते. आपण रात्री, अंधाऱ्या खोलीत, लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवून, काळ्या पार्श्वभूमीवर फोटो करतो. भोवती काळं असलं की फोटो आहे त्यापेक्षा उजळ भासतो. सॉफ्टवेअरमध्ये फोटोभोवतीची जागा पांढरी करा, स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर आणा, शेजारी एक कोरा पांढरा कागद खोलीच्या उजेडात धरा. स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदापेक्षा फार झगझगीत नको. मग फोटो काळोखा वाटला तर मधला उजेड वाढवा. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका लॅबशी भांडून चार मोठ्या प्रिंट फेकायला लावल्या होत्या आणि चूक माझ्या स्क्रीनची निघाली. ते पैसे मी नंतर भरले.

फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या. अॅडोबी आरजीबीत दिली आणि लॅबनं ती एसआरजीबी समजून छापली तर हिरवे मलूल पडतात, आणि तुमची सगळी मेहनत हिरव्यावरचीच आहे. लॅबला "ऑटो करेक्शन बंद ठेवा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर त्यांचं मशीन पुन्हा तुमच्या हिरव्यावर किरमिजी घालेल. कागद मॅट घ्या. सोप्याच्या दाराचा उजेड समोरून येतो, ग्लॉसी कागदावर शिवाराऐवजी दार दिसेल.

आणि तीन फुटांची प्रिंट एकदम काढू नका. ५२०० × २६०० मधून पूर्ण उंचीची एक उभी पट्टी कापा, जिच्यात पाणंद, बाई, एक झाड, दोन रांगा आणि थोडं आभाळ येईल, आणि ती खऱ्या मापात छापून आणा: आठ इंच रुंद, अठरा इंच उंच. तिच्यावर बाई एक सेंटिमीटरची दिसेल. पट्टी सोप्यात जिथं फोटो लागणार त्या भिंतीला टेकवा आणि तीनदा बघा: सकाळी दार उघडं असताना, दुपारी, आणि रात्री दिवा लावून. रात्रीच्या एलईडीखाली पाणंद फिकी पडली तर फोटो बदलायच्या आधी दिवा बदलून बघा. सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० किंवा वर लिहिलेला दिवा घ्या, स्वस्त दिव्यांत लाल कमी असतो. पट्टी पसंत पडली की तीच लॅबमध्ये घेऊन जा आणि मोठी प्रिंट तिच्याशी ताडूनच ताब्यात घ्या.